पोटात गाबोळी, ओठात गळ

पंचेश्वरला शरयू महाकालीला मिळते. अलीकडे उत्तराखंडचा चंपावत जिल्हा, पलीकडे नेपाळ. महाकाली हिमनद्यांचं पाणी घेऊन येते, म्हणून थंड आणि उन्हाळ्यात राखाडी. शरयू झऱ्यांच्या आणि पावसाच्या पाण्यावर वाढलेली, तिच्याहून उबदार आणि नितळ. ही दोन पाणी जिथे एकत्र येतात तिथे मे-जूनमध्ये सोनेरी महाशीर जमतात. पहिला मोठा पाऊस पडून उपनदी फुगली की त्यांना वर चढायचं असतं. मोठ्या माद्यांच्या पोटात तोवर गाबोळी भरत आलेली असते.

गळ टाकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. हिमालयात महाशीरचे दोन हंगाम ठरलेले आहेत. एक पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून नोव्हेंबरपर्यंत; दुसरा थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चपासून थेट जूनपर्यंत. या दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांना विशेष मागणी असते, कारण मोठा मासा तेव्हा संगमावर सापडतो. पंचेश्वर, गंगा आणि नयार मिळतात तो व्यासघाट, रामगंगेचे डोह ही नावं या छंदातल्या लोकांच्या तोंडी असतात. मासा मारायचा नाही, हा इथला अलिखित आणि बऱ्याच ठिकाणी लिखित नियम आहे. मासा खेळवायचा, काठाशी आणायचा, वजन आणि फोटो घ्यायचा आणि सोडून द्यायचा. इंग्रजीतलं ‘कॅच अँड रिलीज’ हे नाव आता आपल्याकडेही रुळलं आहे. सोडलेला मासा शेपटी हलवत खोल पाण्यात जातो आणि पकडणाऱ्याला वाटतं, नदीतून काहीच कमी झालेलं नाही.

वर्षाच्या इतर महिन्यांत हे बऱ्याच अंशी खरंही असतं. मला विचारायचंय ते फक्त त्या मोजक्या आठवड्यांबद्दल.

महाशीर हा रोहू-कटल्यासारखा सढळ मासा नाही. रोहूची मादी किलोमागे लाखांच्या घरात अंडी देते. महाशीरची काही हजारांवर थांबते. अंडी मोठी, पिवळसर, जड. तळाच्या वाळू-गोट्यांत जाऊन बसणारी. त्यांना स्वच्छ, खेळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. म्हणून मादी मुख्य नदी सोडून उपनद्यांत, ओढ्यांत शिरते. गढवाल विद्यापीठाचे प्रकाश नौटियाल यांनी हा प्रवास अनेक वर्षं अभ्यासला आणि नयारसारखी छोटी नदी गंगेतल्या महाशीरसाठी किती मोलाची आहे हे दाखवून दिलं. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीची वाट अडवू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. संगमावर थांबलेली मादी त्याच वाटेवर असते, आणि नेमकी तिथेच आपण तिची गाठ घेतो.

ही गोष्ट दूरच्या हिमालयाची म्हणून सोडून देता येत नाही. दख्खनी महाशीरची शास्त्रीय नोंद झाली ती पुण्यातल्या माशावरून. मुंबई सरकारच्या नोकरीतला कर्नल साइक्स इथले मासे गोळा करून त्यांचं वर्णन लिहीत होता. १८३९ साली त्याने मुळा-मुठेतल्या या माशाला शास्त्राच्या यादीत आणलं. आज त्या नदीच्या पुलावर उभं राहिलं की ही नोंद वाचणंही अवघड जातं. इंद्रायणीत देहूला लोकांनी मासे भक्तिभावाने राखले. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महाशीर देवीचे मानले जातात. तिथे लोक माशांना खायला घालतात, त्यांना हात लावत नाहीत. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर हीच रीत आहे. या डोहांची मर्यादाही सांगितली पाहिजे. देवाचं पाणी जिथे संपतं तिथे माशाचं संरक्षणही संपतं, आणि अंडी घालायला मासा त्या हद्दीच्या बाहेरच जातो.

दुसरीकडे आपल्याकडेच चढणीच्या माशांची ओढ आहे. मृगाचा पाऊस कोसळला, ओढे गढूळ झाले की मावळात, मुळशीत, कोकणात लोक रात्री कंदील-बॅटरी घेऊन निघतात. खाचरांत आणि ओहोळांत चढणारे मासे गाबोळीने भरलेले असतात आणि म्हणूनच ते हवे असतात. हे अन्न आहे, जुनं आहे, आणि एका घराने एका रात्री नेलेली पाटीभर मासळी नदी सोसत आलेली आहे. आता नायलॉनच्या जाळ्याने अख्खा ओढा आडवा बांधला जातो, काही ठिकाणी विषारी भुकटी टाकली जाते, तो प्रकार वेगळा. तेव्हा हिमालयात गळ टाकणाऱ्यावर बोट उगारताना हे बोलून टाकलेलं बरं की विणीच्या माशाला हात घालण्यात आपणही मागे नाही. फरक इतकाच की चढणीचा मासा खाण्यासाठी धरला जातो आणि संगमावरची मादी करमणुकीसाठी.

करमणुकीसाठी मासा धरून सोडणं वाईटच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्याने आधी कावेरीची हकिकत ऐकावी.

कावेरीच्या खोऱ्यात एक अजस्र महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, शेपटीच्या परांवर केशरी झाक असलेला. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर पकडला. साडेचोपन्न किलोचा तो आकडा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. त्यापुढच्या काळात नदीत सुरुंग फुटू लागले. दारूगोळ्याने डोहच्या डोह मारले गेले आणि हा मासा संपला अशी समजूत झाली. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण गळ घेऊन इथे आले. त्यांना मोठे मासे सापडले आणि जगभरच्या छंदी लोकांचे डोळे कावेरीकडे वळले. भीमेश्वरी, दोड्डमाकळी आणि गालीबोरे इथे मुक्कामाच्या छावण्या उभ्या राहिल्या. नियम एकच, मासा सोडायचा. आमिष म्हणून नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. आणि वाटाडे म्हणून जवळच्या गावांतली माणसं, ज्यांतले कित्येक जण आधी चोरून मासे मारत. नदी कुठे खोल आहे, मासा कुठे झोपतो, सुरुंगवाला कुठल्या वाटेने येतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या ज्ञानावर आता पगार मिळू लागला. जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा महाग झाला.

छावणीत प्रत्येक माशाची नोंद वहीत होत असे. गालीबोरेच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या वह्या पुढे संशोधकांनी तपासल्या. सहा हजारांहून जास्त महाशीर, सर्वांत मोठा ४६.८ किलोचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने एक धक्का दिला. एकूण मासे वाढत होते, पण कुबडवाला महाशीर वर्षागणिक कमी होत होता. वाढत होता तो निळसर परांचा दुसराच महाशीर, कावेरीत मुळात नसलेला. आणि त्याचा माग निघाला थेट आपल्या लोणावळ्यापर्यंत.

लोणावळ्याच्या वळवण धरणावर टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला महाशीरचं बीज तयार करणारं केंद्र उभारलं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ते काम सुरू झालं. धरणांमुळे महाशीरच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा पावसाळ्यात ओढ्यांकडे चढू पाहणाऱ्या माद्यांची अंडी काढून ती हाताने फळवायची आणि पिल्लं वाढवायची, अशी ती पद्धत. काम निष्ठेचं होतं, देशात त्या वेळी अपूर्व होतं. तिथली बोटुकली अनेक राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. तिथे ती फोफावली, आणि कुबडवाल्या महाशीरच्या घसरणीशी अभ्यासक या फोफावण्याचा संबंध जोडतात. २०१८ साली कुबडवाल्याची ओळख टोर रेमादेवी म्हणून पक्की झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. मोयार नदीचा भाग हा त्याच्या उरल्यासुरल्या घरांपैकी एक.

कुणाचाही हेतू वाईट नसताना हे घडलं. नदीतला मासा कमी झाला तर हौदातला टाकून भरपाई करू, हा विश्वास यात खोटा ठरला. नदीत आपल्या वेळेला, आपल्या वाटेने जाऊन अंडी घालणाऱ्या रानटी मादीला पर्याय नाही. म्हणूनच तिला त्या दिवसांत किती त्रास द्यायचा हा प्रश्न छोटा राहत नाही.

कावेरीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. छावण्यांचा पट्टा अभयारण्यात येत होता आणि वन्यजीव कायद्याने अभयारण्यात प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच. २०१० नंतर हळूहळू गळ बंद झाले. २०१२पर्यंत छावण्यांचं ते पर्व संपलं. वाटाड्यांचं काम गेलं, नदीवरची रोजची नजर गेली, आणि सुरुंग परत आल्याचं नदीकाठच्या लोकांनी आणि अभ्यासकांनी सांगितलं. गळ बंद केला की मासा वाचतो, हे गणित इतकं सरळ नाही हे कावेरीने दाखवलं. एवढंच काय, कुबडवाला महाशीर हरवत चालला आहे हे आपल्याला कळलं तेसुद्धा गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांमुळे.

म्हणून मी ही प्रथा सरसकट मोडीत काढणाऱ्यांच्या बाजूचा नाही. पण तिच्या बाजूने दिली जाणारी सगळी उदाहरणं इतर महिन्यांची असतात आणि सवलत मात्र विणीच्या महिन्यांसाठीही मागितली जाते, याला माझा आक्षेप आहे.

गळाला लागलेल्या माशाच्या शरीरात काय होतं ते पाहू. महाशीर प्रवाहात उलटा धावतो, रिळातून दोर सुसाट निघतो. मोठा मासा अर्धा तासही झुंजतो. या झुंजीत त्याचे पांढरे स्नायू प्राणवायूशिवाय काम करतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं, ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक उसळतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी आणि माशाची गरज जास्त. मग त्याला फोटोसाठी पाण्याबाहेर धरलं जातं आणि दमलेल्या जिवाचे कल्ले हवेत एकमेकांना चिकटतात. कावेरीतल्या निळ्या परांच्या महाशीरवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत पाण्याचं तापमान २७ अंशांच्या आसपास होतं. मासे काटक निघाले. मरण्याचं प्रमाण अगदी कमी होतं. मात्र मासा जितका मोठा तितकी झुंज लांबली, आणि जितकी झुंज लांबली तितका तो सोडल्यावर तोल सावरायला असमर्थ दिसला. ती तपासणी मासा जगतो का हे पाहत होती. त्याच्या पोटातल्या अंड्यांचं पुढे काय होतं, हा तिचा विषय नव्हता. ‘मासा पोहत गेला’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथेच अपुरं पडतं.

अंड्यांचा विचार दुसऱ्या माशांवर झालेला आहे. इंग्लंडमध्ये रेनबो ट्राउटवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९२मध्ये आले. विणीआधीच्या महिन्यांत माशांना वारंवार थोड्या वेळाचा ताण दिला. माद्यांनी अंडी उशिरा घातली, अंडी आकाराने लहान निघाली आणि पिल्लं कमी जगली. कॅनडात क्वेबेकमधल्या एस्कूमँ नदीत अटलांटिक सॅमन पकडून सोडले आणि पुढच्या पिढीतली पिल्लं कुणाची हे जनुकांवरून तपासलं. पकडून सोडलेल्या माशांची पिल्लं त्या नदीत सापडली. गळवाल्यांच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण त्याच अभ्यासात पाणी गरम असलं किंवा मासा हवेत जास्त वेळ धरला गेला, तर पिल्लं कमी झाल्याचंही दिसलं. थंड क्वेबेकचा दाखला मे महिन्यातल्या आटलेल्या, तापलेल्या रामगंगेला देताना ही अट गाळता येणार नाही.

गळाइतकाच पायांचाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९९२च्याच एका अभ्यासात ट्राउटची अंडी असलेल्या वाळूतून माणसं दिवसातून दोनदा चालवली, तेव्हा ९६ टक्क्यांपर्यंत अंडी-पिल्लं मेली. सप्टेंबरमध्ये पाणी नितळलं की आपल्याकडे हंगाम उघडतो आणि लोक उथळ ओढ्यांतून गुडघाभर पाण्यात चालत डोहांकडे निघतात. महाशीरची वीण तेव्हा नुकतीच आटोपलेली असते, काही ठिकाणी चालूच असते. पिल्लं त्याच गोट्यांखाली असतात.

वेदनेचं काय? लिन स्नेडन आणि व्हिक्टोरिया ब्रेथवेट यांनी २००३मध्ये ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं दाखवली. ओठात दाहक द्रव टोचल्यावर मासे अन्न सोडून तळाच्या खडीवर तोंड घासू लागले. याला वेदना म्हणावं की नुसती प्रतिक्रिया, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. माझं मत वेदनेच्या बाजूने आहे. स्वित्झर्लंडने तर २००८च्या पशुसंरक्षण नियमावलीत सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला मनाई केली. त्यांचा तर्क साधा आहे: खायचं असेल तर मारा, नाही तर उगाच इजा करू नका. हा तर्क जसाच्या तसा आपल्या नद्यांना लावला तर कावेरीसारखं होईल, राखण जाईल आणि सुरुंग येईल. पण विणीच्या आठवड्यांपुरता मला तो पूर्ण पटतो. तेव्हा इजा एकाच माशाला होत नाही, आणि राखणीसाठी तेव्हा गळाची गरजही नसते.

गळवाले एक गोष्ट बरोबर सांगतात. टिहरीच्या धरणाने भागीरथीतल्या महाशीरची वाट कायमची तोडली. १९९६च्या महाकाली करारात ठरलेलं पंचेश्वरचं धरण झालं तर तो संगमच पाण्याखाली जाईल. वाळूउपसा आहे, सांडपाणी आहे, जिलेटिनच्या कांड्या आहेत. या सगळ्यापुढे एका छंदी माणसाचा गळ किरकोळ आहे, हे मान्य. मात्र ओढे जितके कमी उरले तितकी उरलेल्या ओढ्याकडे निघालेली प्रत्येक मोठी मादी मोलाची झाली. अंड्यांची संख्या मादीच्या आकाराबरोबर वाढते, आणि गळवाल्याला हवी असते ती सगळ्यांत मोठीच.

जगात इतरत्र यावर तोडगे निघालेले आहेत. स्कॉटलंडमध्ये सॅमन पकडणारे आज ९० टक्क्यांहून जास्त मासे सोडून देतात. तरीही ‘आम्ही सोडतोच आहोत’ म्हणून तिथला बंदीकाळ रद्द झालेला नाही. नदीनदीप्रमाणे तारखा वेगळ्या, पण वर्षातले किमान १६८ दिवस सॅमनसाठी बंद, शिवाय दर रविवारी सुट्टी. कॅनडात ओंटारिओमध्ये बास मासा घरटं राखत असतो तेव्हा हंगाम बंद असतो, कारण राखणारा नर काही मिनिटं हलला तरी दुसरे मासे येऊन अंडी फस्त करतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात; परंपरेने समुद्र पुन्हा उघडतो तो नारळी पौर्णिमेला. कोळ्यांच्या घरात या विसाव्याला नियमाच्या आधीपासून मान आहे. हिमाचलमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या-जलाशयांत मासेमारी बंद ठेवतात. हे चांगलंच आहे. पण महाशीरची मादी १६ जूनची वाट पाहत नाही. ती त्याआधीच संगमावर येऊन थांबलेली असते. बंदी सुरू होण्याआधीचे ते तीन-चार आठवडे आज मोकळे आहेत आणि ‘मोठ्या माशाचा हंगाम’ म्हणून तेच विकले जातात.

यावर छावणीवाल्यांचं उत्तर असतं की आम्ही हटलो तर त्याच आठवड्यांत सुरुंगवाला येईल. भीती खोटी नाही. मात्र राखण करायला हातात गळाची दांडी लागत नाही. वर्षभराच्या परवान्यांच्या शुल्कातून विणीच्या काळातला वाटाड्यांचा पगार बाजूला काढता येतो. त्या महिन्यांत हीच माणसं संगमावर बसावीत, चढलेले मासे मोजावेत, ओढ्यात आडवं जाळं दिसलं तर खात्याला कळवावं. इतर महिन्यांत उलटा काटा काढून टाकलेला एकच गळ वापरावा, मासा पाण्यातच सोडवावा, फोटो काढायचा तर तो पाण्यात असतानाच काढावा. हे नवं नाही; यातलं बरंचसं चांगले गळवाले आजही पाळतात, आणि पवईच्या तलावावर पिढ्यान्‌पिढ्या हा छंद जपणाऱ्या आपल्या मुंबईकरांनाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा हा छंद असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत कोणत्याही संगमावर किंवा त्याला मिळणाऱ्या ओढ्यात महाशीरसाठी गळ टाकू नका, सोडून देण्यासाठीसुद्धा नाही. कुणी जूनची सहल विकायला आलं तर ऑक्टोबरची मागा. आणि घाटात राहणाऱ्यांनी पहिल्या पावसात ओढ्यावर आडवं बांधलेलं जाळं पाहिलं तर ते बांधणाऱ्याशी त्याच संध्याकाळी बोलावं, कारण चढण काही दिवसांत संपून जाते.